देवबागच्या होडीचं जड झालेलं स्टेअरिंग: दुरुस्तीच्या नोंदी

होडी १८ फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना कर्लीच्या खाडीत आणि ती समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फिरवायला आम्ही ती वापरतो. होडीला नऊ वर्षं झाली, स्टेअरिंगची केबलही तेवढीच जुनी. स्टेअरिंग हायड्रॉलिक नाही, साधं केबलवरचं. चाक फिरवलं की त्यामागचा गिअर केबलच्या आतली तार पुढे-मागे सरकवतो. केबलच्या शेवटी पाच अष्टमांश इंच जाडीचा स्टीलचा दांडा असतो. इंजिन वर उचलताना ज्या आडव्या नळीभोवती फिरतं, त्या टिल्ट ट्यूबमधून तो आरपार जातो आणि पलीकडे एका लिंकने इंजिनाला जोडलेला असतो. खाली मी नुसतं 'दांडा' आणि 'नळी' म्हणेन.

अशा होड्या आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत आणि 'स्टेअरिंग जड झालंय' हे प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं. माझे तीन आठवडे आणि साडेअकरा हजारांच्या वर पैसे गेले. त्यातले निम्मे दिवस चुकीच्या जागी हात घातल्यामुळे गेले. त्या जागा दुसऱ्यांना आधीच माहीत असाव्यात म्हणून हे सगळं लिहितोय.

१८ मे (ही आणि पुढची नोंद ऑगस्टमध्ये आठवून लिहिली)

संध्याकाळची फेरी, होडीत सहा पाहुणे. संगमावर ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं आणि वारा समोरून आत येणारा, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. डावीकडे वळायला चाक फिरवलं तर ते अर्ध्यावर अडकलं. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना. होडी लाटेला आडवी व्हायला लागली. वेग कमी केला, पाय फळीला टेकवून चाक ओढलं, तेव्हा ते कडकन सुटलं आणि आम्ही वळलो. पाहुण्यांना काही कळलं नाही. माझे हात मात्र काठावर आल्यावरही थरथरत होते.

खरं सांगायचं तर चाक जानेवारीपासूनच जड होतं. मी मनाशी म्हणत होतो, चालतंय ना, मोसम संपला की बघू. बाबांना त्या रात्री सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "माका तेव्हाच सांगूक होया होता."

२१ मे

२०२५ मध्ये २० मेपासूनच पाऊस धरला. जलक्रीडा दरवर्षी २६ मेपासून बंद होतात, पण त्याआधीच समुद्र चढला आणि होडी घाईघाईत वर ओढावी लागली. २५ तारखेला तर मोसमी पाऊस तळकोकणात पोचलासुद्धा. या घाईत एक गोष्ट राहिली, ती पुढे महागात पडली. इंजिन एका बाजूला पूर्ण वळलेल्या अवस्थेत राहिलं, म्हणजे दांडा नळीतून पुरता बाहेर आलेला. वर ताडपत्री टाकली आणि निघालो. ना गोड्या पाण्याने धुतलं, ना ग्रीस लावलं.

३ ऑगस्ट, रविवार

ताडपत्री काढली. चाक जेमतेम पाव फेरा फिरतं, पुढे दगड. बाहेर राहिलेल्या दांड्यावर तांबूस खवले आणि वाळलेलं मीठ.

पहिली चूक लगेच केली. ग्रीस गन आणून नळीच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीला, लावली आणि चार-पाच वेळा दाबली. मनात हिशोब सरळ होता: जड आहे म्हणजे ग्रीस कमी आहे. नवं ग्रीस आत शिरलं, पण पुढे जुनं ग्रीस आणि गंज यांचा बुचासारखा गोळा बसलेला, त्यामुळे बाहेर पडायला वाटच नव्हती. पाव फेरा फिरणारं चाक आता तेवढंही फिरेना.

दांडा पूर्ण बाहेर असताना निपलमधून ग्रीस भरायचं नसतं, हे मला नंतर कळलं. ग्रीस दाबून लहान होत नाही. त्याला जायला जागा नसली की दांडा परत आत येऊच शकत नाही. आधी दांडा पूर्ण आत घ्यायचा, मग ग्रीस भरायचं. नव्या, चांगल्या केबललाही हे लागू आहे.

४ ऑगस्ट

आज जे केलं ते काल आधी करायला हवं होतं. दांडा आणि इंजिन यांच्यामधली लिंक सोडवली. नट गंजलेला होता, पण सुटला. आता चाक आणि इंजिन एकमेकांपासून वेगळे झाले आणि दोघांना स्वतंत्र तपासता आलं.

इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकललं: फिरलं, जरा जड वाटलं. चाक फिरवून पाहिलं: अजिबात नाही. म्हणजे खरा अडथळा इंजिनाच्या अलीकडे, नळीत किंवा केबलमध्ये. या तपासाला पंधरा मिनिटं लागली आणि पैसा शून्य.

इंजिनाचं 'जरा जड' मी तसंच सोडून दिलं. इंजिन जड वस्तू, जड फिरणारच, असं वाटलं. ती दुसरी चूक. तिच्याकडे पुढे यावंच लागलं.

५ आणि ६ ऑगस्ट

नळीच्या दोन्ही तोंडांत गंज सोडवणारा स्प्रे मारला. रात्रभर ठेवलं. सकाळी केबलचा मोठा नट मोठ्या ॲडजस्टेबल पान्याने सोडवला आणि दांडा मागच्या मागे बाहेर काढायला पाहिलं. हलेना. मग हातोडा घेतला.

या दोन दिवसांची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. लोखंडी हातोड्याने थेट दांड्याच्या टोकावर ठोकत राहिलो. दांडा दोनेक मिलिमीटर सरकला, मी खूश. मग बघतो तर टोक ठोकून ठोकून पसरलं होतं, अळंबीच्या छत्रीसारखं. नळीच्या आतल्या मापापेक्षा टोक मोठं झालं, म्हणजे गंज सुटला तरी ते नळीतून जाणार नाही. अडकलेली वस्तू मी स्वतःच्या हातांनी आणखी अडकवली होती.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

काम बंद. बाबांबरोबर मालवणला बंदर जेटीवर गेलो, समुद्राला नारळ दिला. तिथे बाबांच्या ओळखीचे एक जुने मेस्त्री भेटले, ट्रॉलरांची इंजिनं करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "हातोडो ठेव बाजूक. रविवारी येतंय."

१० ऑगस्ट, रविवार

मेस्त्री नऊ वाजता आले. पहिलं काम, पेट्रोलची टाकी आणि नळी होडीतून काढून घरात ठेवायला लावली. मला वाटलं आता गॅसचा बर्नर काढणार. तो त्यांनी आणलाच नव्हता. म्हणाले, इंजिनाजवळ पेट्रोल मुरलेलं असतं, शिवाय ज्योतीने रंग आणि रबराची सील दोन्ही जातात.

त्यांची पद्धत अशी. गोणपाटाचे तुकडे नळीभोवती गुंडाळायचे आणि त्यावर उकळतं पाणी ओतायचं. नळी तापली की तोंडाशी डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल मिसळून सोडायचं. थंड होताना ते आत ओढलं जातं. पुन्हा पाणी, पुन्हा तेल. असं चार वेळा. माझ्या आईने चुलीवर पाण्याची दोन पातेली सतत उकळत ठेवली होती.

मग पाइप पान्याने दांडा धरून त्यांनी तो ओढला नाही, फिरवला. "आदी फिरव, मगे ओढ." पहिल्यांदा नखभर फिरला. मग दुसऱ्या दिशेने. पंधरा-वीस मिनिटांत तो नळीत गोल फिरायला लागला आणि भोकातून तपकिरी चिखल बाहेर यायला लागला. गंजाची पकड गोल फिरवल्याने तुटते, सरळ ठोकून ती आणखी आवळते, हे तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पसरलेलं टोक त्यांनी कानसने घासून गोल केलं. एक तास गेला. माझ्या दोन दिवसांच्या हातोड्याची ती भरपाई. शेवटी लाकडाचा ठोकळा मधे धरून हलके ठोके दिले आणि दांडा बाहेर आला. जेवायची वेळ टळून गेली होती. मेस्त्री पैसे घेईनात. बाबांनी पंधराशे रुपये बळेच खिशात घातले.

११ ऑगस्ट

नळी साफ केली. बाजारात योग्य मापाचा ब्रश मिळेना. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठीला टोकाशी चीर पाडून तिच्यात एमरी कापड अडकवलं, काठी ड्रिलला लावली आणि रॉकेलमध्ये बुडवून नळीत फिरवली. आधी १२० नंबरचं, मग २२० चं. जे बाहेर आलं ते ग्रीस म्हणवत नव्हतं, गुळाच्या जुन्या ढेपेसारखे घट्ट काळे खडे होते. शेवटी पांढरं फडकं आरपार ओढलं आणि ते स्वच्छ निघेपर्यंत थांबलो नाही. तीन तास.

कुडाळला जाऊन लिंकचा वाकलेला बोल्ट लेथवर सरळ करून आणला. दोनशे रुपये, पेट्रोल वेगळं.

१२ ऑगस्ट

केबल नळीबाहेर लोंबत ठेवली आणि चाक फिरवलं. नळीचा आता संबंध नाही, तरी जड. म्हणजे केबलही गेलेली. खात्री करायला केबल चाकामागच्या गिअरपासूनही सोडली. चाक एका बोटाने फिरलं. गिअर ठणठणीत.

केबलवरून हात फिरवत गेलो तेव्हा कारणही सापडलं. मागच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या पेटीमागे, ती कुणीतरी फार आवळून बांधली होती. स्टेअरिंग केबलचं वळण आठ इंच त्रिज्येपेक्षा लहान नसावं. आमचं जेमतेम चार इंचांचं होतं. तिथेच वरच्या प्लास्टिकला बारीक चीर, आणि चिरेतून खारं पाणी आत. ती बांधणारा 'कुणीतरी' मीच असणार, कारण बॅटरीची पेटी दोन वर्षांपूर्वी मीच हलवली होती.

अशी केबल दुरुस्त होत नाही. आत तेल सोडून ती चालवणारे मला माहीत आहेत, मीही एकदा तसं केलं आहे. दोन महिने बरं वाटतं. आतली तार मात्र गंजतच राहते आणि तुटली की होडीला दिशा देणारं काहीच उरत नाही. केबल बदलायची.

केबलवर लांबी छापलेली असते, आमची पुसली गेली होती. टेप लावून बाहेरचं प्लास्टिक मोजलं: १२ फूट ३ इंच. पुण्यातल्या कंपनीची १२ फुटी केबल मागवली. तीन इंचांनी काय होतंय, असं वाटलं.

१६ ऑगस्ट

मधे स्वातंत्र्यदिन, गोकुळाष्टमी, आज दहीहंडी. तरी कुरिअर आलं. केबल उलगडली आणि पोटात गोळा आला. दीड फुटाच्या वर कमी.

केबलची लांबी म्हणजे नुसतं प्लास्टिक नव्हे. आमच्यासारख्या गोल गिअरच्या स्टेअरिंगला प्लास्टिकच्या मापात १८ इंच मिळवायचे आणि पुढच्या पूर्ण फुटाला न्यायचं. १२ फूट ३ इंच अधिक १८ इंच, म्हणजे १३ फूट ९ इंच. मागवायची १४ फुटी. दुकानदाराने परत घेतली, पण येण्याजाण्याचे ६४० रुपये माझे गेले. चूक माझी होती, त्यांची काही नाही.

१८ ते २० ऑगस्ट

पाऊस असा की पडवीतून होडी दिसेना. केबलची वाट बघताना इंजिनाच्या त्या 'जरा जड'कडे वळलो. इंजिन ज्या उभ्या पिनवर डावी-उजवीकडे फिरतं तिथे ग्रीसचे निपल असतात. गन लावली तर ग्रीस बाजूनेच बाहेर. निपल सोडवून पाहिले: आतून सिमेंटसारखे बुजलेले. तारेने आतली वाट मोकळी केली, रॉकेल सोडलं, इंजिन हाताने दोन्ही बाजूंना फिरवत राहिलो. नवे निपल बसवून नवं ग्रीस भरलं. आधी काळं पाणी, मग काळं ग्रीस, मग स्वच्छ ग्रीस बाहेर आलं तेव्हा थांबलो. आता इंजिन एका हाताने फिरतं. हे मी ४ तारखेला सोडून दिलं होतं आणि तसंच सोडलं असतं, तर नवी केबल बसवूनही चाक थोडं जडच राहिलं असतं, आणि दोष मी केबलला दिला असता.

ग्रीसबद्दल. आतापर्यंत आम्ही ट्रॅक्टरचं साधं ग्रीस वापरत होतो. खाऱ्या पाण्यात ते ताकासारखं पांढरं होऊन धुतलं जायचं. या वेळी पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस आणलं, ६५० रुपये. महाग वाटलं, पण एक डबा दोन मोसम पुरेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

१४ फुटी केबल आली, ७,८०० रुपये. भावाने आणि मी मिळून बसवली. बॅटरीची पेटी एक वीत पुढे सरकवली, मागचं वळण मोठं आणि सैल ठेवलं. दांड्याला सगळीकडे ग्रीस लावून तो नळीत सरकवला. बोटाने ढकलला आणि तो आपोआप गेला. आम्ही दोघं काही न बोलता एकमेकांकडे बघत राहिलो.

लिंकचे नट जुने लावले नाहीत. हे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, एकदा सोडले की त्यांची पकड जाते आणि ही अशी जागा आहे जिथे नट गळला तर समुद्रात स्टेअरिंगच नाही. चार नवे नट १२० रुपयांना. सगळं आवळल्यावर इंजिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आधी खाली असताना आणि मग पूर्ण वर उचलून, फिरवून पाहिलं. वर उचलल्यावर पेट्रोलची नळी केबलला घासत होती. तिचा पट्टा बदलला.

२७ ला गणपती. पुढचे दिवस घरात.

३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज भरतीला होडी पाण्यात उतरवली. बाबा, भाऊ आणि मी, तिघांनीही लाइफ जॅकेट घातलं. आधी खाडीतच, शांत पाण्यात.

चाक हलकं. पण वेग वाढवला की होडी उजवीकडे खेचली जात होती, आणि डावीकडे वळायला जोर जास्त लागत होता. क्षणभर वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग आठवलं की पंख्याच्या वर माशाच्या परासारखं एक लहान पातं असतं, ट्रिम टॅब. होडी ज्या बाजूला खेचते, त्या बाजूला त्याची मागची कड वळवायची. आमचा टॅब गंज काढताना सैल होऊन फिरला असावा. इंजिन बंद करून वर उचललं, टॅबची मागची कड थोडी उजवीकडे केली, बोल्ट घट्ट केला. दुसऱ्या फेरीत दोन्ही बाजूंना सारखा जोर. या कामाला दहा मिनिटं.

मग बाबा म्हणाले, "चल, संगमार." ओहोटी नुकती लागली होती, वारा कमी. मेमध्ये जिथे अडकलो होतो त्या जागेवर मी चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, पुन्हा डावीकडे. काही बोलले नाहीत. परतीला चाक त्यांच्याकडेच होतं.

खर्च

केबल ७,८००, पहिल्या केबलच्या कुरिअरचे ६४०, मेस्त्री १,५००, मरीन ग्रीस ६५०, गंजाचा स्प्रे ३९०, नायलॉक नट १२०, लेथ २००, पेट्रोल ३००. एकूण ११,६००. निपल भावाच्या गॅरेजमधले, त्याने पैसे घेतले नाहीत. दांड्यावर वेळेवर ग्रीस लागलं असतं, तर यातली केबल कदाचित तरीही बदलावी लागली असती, कारण ती वळणात फुटली होती. बाकीचं बहुतेक वाचलं असतं.

५ ऑक्टोबर

मोसम सुरू होऊन महिना झाला. दर रविवारी दांड्यावरचं ग्रीस फडक्याने पुसून नवं लावतो आणि होडी बांधताना इंजिन अशा बाजूला वळवतो की दांडा नळीच्या आत राहील. आज नळीच्या तोंडाशी बघितलं: ग्रीस स्वच्छ, गंज नाही. लिंकचे नट जागेवर, मी त्यांच्यावर रंगाची रेघ मारून ठेवली आहे, ती हललेली नाही. शेजारच्या होडीचं चाकही जड झालंय. उद्या सकाळी तिची लिंक सोडून बघायची आहे.